पाणी उतरायची वाट

त्या शुक्रवारी आम्ही दोघांनी मिळून साफी मासा साफ केला. बरोबरीनं केलेलं ते शेवटचं काम. बहरीनमध्ये, हमद टाउनमधल्या आमच्या फ्लॅटचं स्वयंपाकघर एवढं अरुंद की दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं आत यायचं नाही. साफीच्या पाठीवरचे काटे लागले की हात ठणकतो, म्हणून ते कापायचं काम माझ्याकडं. मी माझ्या एसीच्या कामातल्या जुन्या कटरनं काटे उडवत होतो आणि हौसा, माझी बायको, पोटं फाडून धूत होती. ओट्यावर फोन, स्पीकर चालू. पलीकडं तिचा धाकटा भाऊ नामदेव. तो आमच्याकडच्या घाटातल्या धरणाच्या काठाला राहतो. होडी आहे, जाळं आहे, चार शेळ्या आहेत. हौसा त्याला बरा आहेस का, पोरं कशी आहेत, असलं काही आधी विचारायची नाही. सुरुवात ठरलेली.

"पाणी कुठवर हाय रं?"

"उतराय लागलंय आक्का. वडाची मुळं उघडी पडली."

"एवढ्यात? आत्ता तर संक्रांत झाली."

"वीज लागतीया लोकास्नी."

"लागू दे की. दमानं सोडा म्हणावं. एकदम कशापायी वढत्यात?"

"मी म्हणू? माझं कोण ऐकतंय?"

"मग कुणाचं ऐकत्यात? माशांचं?"

मला हसू आलं. तशी ती हातातला मासा माझ्यावर रोखून म्हणाली, "तुमी हसू नका. तुमच्या एसीनंच पिलंय माझं पाणी." मी तिला किती वेळा सांगितलं असेल की इथली वीज गॅसवर होते, आपल्या धरणाचा तिच्याशी संबंध नाही. तिचं उत्तर एकच, वीज ती वीज. मी जन्मभर गल्फमध्ये एसी दुरुस्त करून पोट भरलं, तेव्हा तिच्या हिशोबी मी दुसऱ्या पार्टीचा माणूस.

जेवण झालं. जरा पडते म्हणाली. चहाच्या वेळेला हाक मारायला गेलो तर... उठली नाही. दवाखान्यात नेलं, पण नेण्यासारखं काही राहिलं नव्हतं. इथल्याच स्मशानात तिला अग्नी दिला. आणि परत येताना गाडीतच मुलगा, संदीप, म्हणाला, "बाबा, अस्थी कुठं न्यायच्या?" तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. म्हणून हे लिहायला बसलो. मी चौथी शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण इथल्या लोकांना ती मुलाकडं आलेली एक म्हातारी एवढीच माहीत. ती कुठल्या पाण्यातली होती ते कुणाला ठाऊक नाही, आणि ते कळल्याशिवाय मी पुढं काय केलं तेही कळायचं नाही.

तिचं गाव धरणात गेलं तेव्हा ती रांगत होती. माणसं वर टेकाडावर येऊन बसली आणि शेतकऱ्यांचे मासेमार झाले. नदीची सवय होती, पण धरणाचं पाणी वेगळं. नदी पावसात भरते, उन्हात आटते, मासा ते जाणून असतो. धरणाचं पाणी माणसाच्या हातात. वर लोकांना दिवे लागले, कारखाने चालले की इथं पाणी खाली जाणार. कधी हळू, कधी एका आठवड्यात पुरुषभर. त्यामुळं काठाला एक उघडा पट्टा पडतो, तांबडा, बोडका. वर्षातले काही महिने पाण्याखाली, काही महिने उन्हात. तिथं धड गवत वाढत नाही, गोगलगाय टिकत नाही, किडा धरत नाही. आणि माशाचं बाळंतपण तर काठालाच, उथळ पाण्यात, गवताच्या आडोशाला. हौसा सांगायची ते मरळीचं. मरळ गवतात तोंडानं जागा साफ करते, मधासारखी पिवळी अंडी वर तरंगतात, आणि नर-मादी खाली राखण बसतात. पिल्लं निघाली की तांबडी झुंड फिरते आणि आईबाप तिच्या खालून फिरतात. मग वीज लागली, पाणी उतरलं, की ते घर गवतासकट चिखलावर. मोठी मरळ चिखलातही तग धरते, वरची हवा घेते. अंडी दुपारपर्यंत सुकून पापड. लहानपणी हौसा आणि तिची आई सकाळी सकाळी काठानं हिंडायच्या, पातेलं घेऊन, गवतासकट अंडी उचलायच्या आणि आत नेऊन सोडायच्या. त्यातली किती जगली असतील? मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "कुणाला म्हाईत. आपुन काय मोजाय बसलोय व्हय?"

पण पाणी उतरण्याची दुसरी बाजूही त्याच काठाला होती, तीही सांगतो, नाहीतर मी एकाच बाजूनं बोललो असं होईल. पाणी खाली गेलं की गाळ उघडा पडतो, त्यात लोक गाळपेर करतात, कलिंगडं लावतात, चारा होतो. नामदेवच्या शेळ्या त्यावर जगतात. आणि एकदम तळाला, वैशाखात, जुना घाट उघडा पडतो. दोन ओढ्यांच्या संगमावरच्या काळ्या दगडाच्या पायऱ्या. बुडालेल्या गावाचं एवढंच काय ते वर येतं. तिथं त्या लोकांच्या सगळ्या पिढ्यांची राख गेली. म्हणून अजूनही त्या वस्तीतलं माणूस गेलं की अस्थी गाडग्यात घालून, फडक्यानं तोंड बांधून, काठावरच्या जांभळाच्या झाडाला टांगतात. आणि पाणी उतरायची वाट बघतात. पावसाळ्यात गेलेल्याला उन्हाळ्यापर्यंत झाडावर राहावं लागतं. लग्न करून मी तिथं पहिल्यांदा गेलो तेव्हा झाडाला लोंबकळणारी गाडगी बघून मला वाटलं ताडीची आहेत. तसं बोललोही. हौसाची आई तोंडाला पदर लावून आत पळाली आणि हौसा नंतर वर्षभर माझी खोड काढायची, "ताडी पाहिजे का, आणू का झाडावरची?"

माझं आयुष्य इथं गेलं आणि तिचं तिकडं. मी लीव्हवर जायचो, परत यायचो. संदीप शिकला, इथं ऑफिसात लागला, त्यानं आम्हा दोघांना फॅमिली व्हिसावर ठेवून घेतलं, तेव्हा कुठं म्हातारपणी आमचा संसार सुरू झाला. ती आली त्या महिन्यात संदीपनं आम्हाला सुट्टीच्या दिवशी गाडीतून समुद्र दाखवायला नेलं, पश्चिमेच्या किनाऱ्याला. पोचलो तर समुद्र नाही. ओहोटी होती. इकडचा किनारा इतका उथळ की पाणी गेलं की लांबच लांब ओली वाळू आणि डबकी. मला त्याचं काही नाही, मी कितीदा बघितलेलं. हौसा मात्र गाडीतून उतरली आणि तिथंच थबकली. "गेट उघाडलं व्हय यांनी?" म्हणाली. संदीप हसला, "आई, लो टाइड आहे, येतं परत." तिनं ऐकलं नाही. लांब ओल्या वाळूत खांब रोवून त्याला जाळी लावलेली होती, बाणाच्या आकाराची. इथं त्याला हद्रा म्हणतात. भरतीला मासा आत शिरतो, ओहोटीला तिथंच अडकतो, मग मालक येऊन गोळा करतो. हौसाला ते काय माहीत? तिला दिसलं ते एवढंच, पाणी ओढलंय आणि मासे चिखलात तडफडतायत. आम्ही चप्पल काढतोय तोवर ही साडी खोचून आत. पदराच्या झोळीत मासे भरायचे, पळत खोल पाण्यात न्यायचे, सोडायचे, परत यायचं. मी आणि संदीप हाका मारतोय. तिचं आपलं, "उभं काय ऱ्हायलाय, या की! दुपारपत्तूर मरतील!"

मालक आला तेव्हा हद्रा निम्मी रिकामी झाली होती. माझ्याच वयाचा बहरिनी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्याला फडकं. त्याचं नाव आम्हाला नंतर कळलं, अबू जासिम. तेव्हा तो नुसता ओरडत होता. "ये क्या? मेरा मछली! सब खलास!" माझी पाचावर धारण बसली. परका देश, पोराची नोकरी. मी हात जोडले, म्हटलं, ये नया है, इसको मालूम नहीं. हौसा कमरेवर हात ठेवून मला विचारते, "काय म्हणतोय त्यो?" म्हटलं, त्याचे मासे होते. "त्याचे? मग त्यानं पाणी का जाऊ दिलं?"

हे मी त्याला हिंदीत सांगितलं. त्याला काहीच उमजेना. मग मी डॅम म्हणजे काय ते सांगायला लागलो. या बेटावर नदी नाही, धरण कुठलं असणार? मी वाळूवर बोटानं काढून दाखवलं, इथं भिंत, इथं पाणी, इथून सोडलं की वीज. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग त्यानं विचारलं, "पानी का बटन है उधर?" मी हौसाला सांगितलं, तो विचारतोय तुमच्याकडं पाण्याला बटण असतं का. ती एकदम म्हणाली, "व्हय! बटनच हाय! सांगा त्याला, बटनच हाय." तो हसायला लागला. राग गेला त्याचा. म्हणाला, इधर बटन मफी, म्हणजे नाही, अल्लाह का पानी, जाता है, आता है. आणि राहिलेले मासे गोळा करून त्यातले बोटभर लांबीचे त्यानं तिच्या पदरात टाकले आणि हातानं खूण केली... जा, सोड.

त्या दिवशी ती तिथून हलायला तयार होईना. पाणी खरंच परत येतंय का ते तिला बघायचं होतं. संदीप कंटाळून गाडीत झोपला. आम्ही दोघं वाळूवर बसलो. हळूहळू डबकी एकमेकांना मिळाली, खांब अर्धे बुडाले, आणि पाणी तिच्या पायाला येऊन लागलं. तिनं पाय तसेच पाण्यात राहू दिले. मग म्हणाली, "हितल्या माशास्नी ठाव असतं कधी जाणार आन् कधी येणार ते. आमच्यास्नी कोण सांगणार?"

त्यानंतर अबू जासिम तिचा दोस्त झाला, एकाला दुसऱ्याचं अक्षर कळत नसताना. आम्ही गेलो की तो लहान मासे बाजूला काढून ठेवायचा आणि "या उम्म संदीप, यल्ला!" अशी हाक मारायचा, म्हणजे संदीपची आई, चल. ती त्याच्याशी सातारी मराठीत बोलायची. एकदा तिनं त्याला रागानं दाखवलं की जाळीची भोकं बारीक आहेत, पिल्लं अडकतात. त्यानं मान हलवली, इंशाल्ला म्हणाला आणि भोकं काही बदलली नाहीत. ती घरी येऊन म्हणाली, "आपल्या सायबांसारखंच हाय ह्याचं. मान डोलवत्यात."

ती गेल्यावर त्याला कळवायचं आम्हाला सुचलंच नाही. आठवड्यानं तो आपणच आला, साफीची पिशवी घेऊन, खाली गाडी लावून हाक मारत. मी खाली गेलो. कसं सांगायचं ते कळेना. तोंडातून निघालं, "खलास." दिवसभर आम्ही इथं हाच शब्द वापरतो. गॅस खलास, ड्यूटी खलास. तो जिन्याच्या पायरीवर बसला. मीही बसलो. पिशवीतलं बर्फाचं पाणी पायऱ्यांवरून खाली जात राहिलं आणि आम्ही दोघं त्याकडं बघत राहिलो.

तर अस्थी. संदीप म्हणाला, नाशिकला नेऊ, चार दिवसांत होऊन जाईल. नामदेव फोनवर रडायला लागला. "दाजी, आक्काला आईबापाच्या शेजारी नगं का? घाटावरच आणा. वैशाखात उघडा पडतोय." मलाही ते पटलं. ठरलं, वैशाखात जायचं, संदीप लीव्ह टाकेल. तोवर अस्थी घरात ठेवायच्या नाहीत, आणि इथं झाड कुठलं? बाल्कनीत एसीच्या बाहेरच्या युनिटचा लोखंडी अँगल आहे. मीच कधीतरी ठोकलेला. त्याला मी अस्थींचं गाडगं टांगलं, पांढऱ्या फडक्यात, तारेनं बांधून. मशीन चालू झालं की ते थरथरायचं, म्हणून मी त्या खोलीचा एसी बंद केला. सून म्हणाली, बाबा, उकडेल. म्हटलं, उकडू दे.

मग मी वाट बघायला लागलो. रोज नामदेवला फोन. किती उतरलं? कुठवर आलं? तोही खुशीत सांगायचा, आज हातभर गेलं, आज दोन हात. मला बरं वाटायचं. दिवसाचं काहीतरी काम झालं असं वाटायचं. होळी जवळ आली आणि एक दिवस तो म्हणाला, "दाजी, औंदा लई वीज लागतीया. पाणी झपाट्यानं पळतंय. घाट चैतातच उघडा पडतोय बघा."

"बरं झालं," मी म्हणालो.

आणि फोन कानाला तसाच धरून मी बाल्कनीच्या दारात थांबलो. बरं झालं? हौसा असती तर फोन हिसकावून घेतला असता. हेच ते दिवस, मरळ काठाला यायचे. पाणी असं पळालं की सगळी घरं उघडी पडणार, आणि मी इथं बसून म्हणतोय अजून पळू दे, लवकर पळू दे. तिच्याच अस्थी टांगून ठेवून मी तिच्या जन्माच्या वैऱ्याची वाट बघत होतो. त्या उघड्या चिखलातून तिचं गाडगं घेऊन घाटावर उतरायचं, वाटेत सुकलेली अंडी तुडवत, आणि म्हणायचं की तिला गती मिळाली... मला ते होईना.

"नामदेवा," मी म्हणालो, "मी पाणी उतरायची वाट बघणार नाही. आत्ता येतो. होडीतनं नेऊ. वरनं सोडू."

तो चिडला. "वरनं? घाट बुडालेला असताना? आमच्यात असं कुणी केलं न्हाय."

"तुझे आईबाप कुठं आहेत?"

"घाटावर."

"आणि घाट कुठं आहे?"

"...पाण्याखाली."

"मग वरनं सोडली तर कुठं जाईल ती?"

  तो म्हणाला, "लोक बोलतील." म्हटलं, बोलू देत. "मग या," म्हणाला.

संदीपला एवढ्यात लीव्ह मिळेना. मी एकटा गेलो. कागदपत्रं त्यानं करून दिली. काठावर वस्तीतली माणसं जमली होती, कुणी तोंडावर काही बोललं नाही, पण जवळही आलं नाही. वड पार उघडा पडला होता तरी मधे पाणी अजून खूप होतं. नामदेवनं होडी वल्हवत नेली, घाटाची खूण म्हणून समोरची खिंड आणि जांभळाचं झाड एका रेषेत धरलं, आणि थांबला. जाळ्याच्या दोरीला दगड बांधून खाली सोडला. दोरी खूप खाली गेली. दोनतीनदा त्यानं ती हलवली, मग माझ्या हातात दिली. "बघा दाजी." मी हळूच उचलून सोडली. खाली टक्क... हाताला लागलं. चिखल नव्हे, दगड. पुन्हा केलं, पुन्हा टक्क. तिथंच मग आम्ही तिला सोडली. पाण्यावर जरा वेळ पांढरं पसरलं, आणि मग काही दिसेना. मला वाटलं होतं हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. पायऱ्यांवर उभं राहून, पाय भिजवून सोडायला मिळालं असतं तर बरं झालं असतं, हेच परत येताना डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर चहा घेत बसलो होतो. नामदेव होडीतलं पाणी उपसत होता. तानूमामी आल्या. वस्तीतल्याच, हौसाच्या नात्यातल्या. त्यांचे मालक पावसाळ्यात गेले, गाडगं अजून झाडावर.

"पाव्हणं, काल खाली दगड लागला म्हनं?"

"लागला."

"पक्का?"

"माझ्या हाताला लागला."

त्या खाली बसल्या. "वाईट वाटलं का? वरनंच सोडताना?"

खोटं कशाला सांगायचं. "वाटलं," म्हटलं. "लई वाटलं."

"पोरं म्हनत्यात, वैशाखापत्तूर थांब." त्यांनी झाडाकडं बघितलं. "त्यांचं काय, ती पुण्याला ऱ्हात्यात. मला रोज पाण्याला त्याच झाडाखालनं जावं लागतंय."

नामदेवनं पाणी उपसायचं थांबवलं आणि माझ्याकडं बघितलं. मग वल्हं उचलून त्यानं होडीत ठेवलं.

झाडाच्या त्या फांदीला तानूमामींचा हात पोचण्यासारखा नव्हता. मी चहाचा कप खाली ठेवला, चप्पल काढली, बुंध्याजवळच्या दगडावर चढलो आणि गाठ सोडवायला लागलो. पावसानं भिजून, उन्हानं वाळून सुतळी घट्ट बसली होती. जोर केला तर गाडगं निसटलं असतं. मामी खाली पदर पसरून उभ्या राहिल्या, आणि मी सुतळीचा एकेक पीळ सोडवत राहिलो.